टेबल वाढवावे की नियम सुधारावा?

सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या, की शिक्षकापुढे एक कंटाळवाणे काम उरते. सगळा गठ्ठा हजेरी क्रमांकाप्रमाणे लावायचा असतो. हे काम पुष्कळ वर्षे केलेले शिक्षक गठ्ठा पूर्णपणे विस्कटत नाहीत. पेपर बाकांच्या ओळींप्रमाणे गोळा केलेले असल्यामुळे गठ्ठ्यातले काही तुकडे आधीच क्रमाने लागलेले असतात. १ ते ९ एकापाठोपाठ मिळतात, पुढे १७ ते २४ मिळतात. असे तयार तुकडे वेगळे काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे आणि मग शेजारचे दोन-दोन ढीग एकमेकांत मिसळत जायचे. यात वेळ वाचतो आणि हातही कमी दुखतात.

नेमकी हीच युक्ती २००२ साली टिम पीटर्स यांनी 'पायथन' या संगणकभाषेसाठी लिहून काढली. तिला 'टिमसॉर्ट' असे नाव पडले. पायथन ही मुक्तस्रोत भाषा आहे. म्हणजे ती ज्या आज्ञावल्यांनी बनली आहे त्या कोणालाही वाचता येतात, त्यांतला दोष कळवता येतो, आणि दुरुस्ती सुचवताही येते. पुढे जॉशुआ ब्लॉक यांनी ही रीत 'जावा' या भाषेत आणली आणि २०११ साली आलेल्या जावाच्या सातव्या आवृत्तीपासून ती सर्वांच्या हाती पडली. जावाचा मूळ मजकूरही २००६-०७ पासून खुला झालेला होता. याद्या क्रमाने लावण्याचे काम संगणकावर अक्षरशः पावलोपावली करावे लागत असल्यामुळे ही आज्ञावली जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या आज्ञावल्यांपैकी एक ठरली.

आणि तिच्यात एक दोष होता. संगणकवाले अशा दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणतात. तो २००२ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, कोणाच्याही लक्षात आला नाही. लक्षात आल्यावर तो दोन्हीकडे कळवला गेला आणि दोन्हीकडे दुरुस्तीही झाली. पण दोन वेगळ्या रीतींनी. या दोन दुरुस्त्यांची परीक्षा करणे हा या लेखाचा हेतू आहे. विषय संगणकाचा असला तरी मुलांच्या वह्या तपासणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे, असे आम्हांस वाटते.

टेबलावरचा नियम

दोष समजून घेण्यासाठी बेरीज आणि तुलना एवढेच गणित पुरते. वाचकांनी कागद-पेन्सिल मात्र जवळ घ्यावी.

टेबलावर ढीग डावीकडून उजवीकडे मांडले आहेत अशी कल्पना करू. नवा ढीग नेहमी उजव्या टोकाला येतो. मिसळायचे ते शेजारचेच ढीग, कारण समान क्रमांकाच्या वस्तूंचा मूळचा आगेमागेपणा बिघडता कामा नये. आता प्रश्न असा, की कधी मिसळायचे आणि कधी नुसते ठेवून द्यायचे? प्रत्येक नवा ढीग लगेच मोठ्या ढिगात मिसळला तर तोच मोठा ढीग पुन्हा पुन्हा चाळावा लागतो. काहीच न मिसळता ठेवत गेलो तर टेबलावर जागा उरत नाही.

पीटर्स यांनी यासाठी दोन नियम घातले. पहिला नियम असा, की कोणताही ढीग त्याच्या उजवीकडच्या दोन ढिगांच्या बेरजेपेक्षा मोठा असला पाहिजे. दुसरा नियम असा, की कोणताही ढीग त्याच्या लगतच्या उजवीकडच्या ढिगापेक्षा मोठा असला पाहिजे. नवा ढीग ठेवल्यावर नियम मोडला तर मिसळायचे, आणि नियम पुन्हा जमेपर्यंत मिसळत राहायचे.

या नियमांचा फायदा किती मोठा आहे हे पाहण्यासारखे आहे. उजवीकडून सुरुवात करून नियमात बसणारे लहानात लहान ढीग लिहून पाहा: १, २, ४, ७, १२, २०, ३३, ५४, ८८, १४३. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंच्या बेरजेहून फक्त एकाने मोठी आहे. ही फिबोनाचीच्या मालिकेची जुळी बहीणच म्हणायची. विसावा ढीग १७,७१० चा होतो, तिसावा २१,७८,३०८ चा आणि चाळिसावा २६,७९,१४,२९५ चा. म्हणजे नियम पाळला जात असेल तर टेबलावर चाळीस जागा असल्या तरी प्रचंड यादी मावते. शिवाय जावात शेवटचा ढीग सोडला तर कोणताही ढीग १६ पेक्षा लहान नसतो. त्यामुळे जावाच्या यादीची जी कमाल मर्यादा आहे, सुमारे २१४ कोटी, तीही या हिशेबात सहज बसते. म्हणून जावात सर्वांत मोठ्या याद्यांसाठी चाळीस जागा ठेवल्या होत्या. हा हिशेब चोख होता. मात्र त्यात एक अट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे नियम खरोखरच पाळला जातो ही.

नियम कुठे मोडला

आता टेबलावर डावीकडून १२०, ८०, २५ आणि २० असे ढीग आहेत असे समजा. १२० हे ८० आणि २५ यांच्या बेरजेहून, म्हणजे १०५ हून मोठे आहेत. ८० हे ४५ हून मोठे आहेत. २५ हे २० हून मोठे आहेत. सर्व ठीक आहे. आता उजव्या टोकाला ३० चा नवा ढीग आला.

१२०, ८०, २५, २०, ३०

२५ हे २० आणि ३० यांच्या बेरजेहून लहान आहेत. नियम मोडला. रीत अशी, की मधला २० चा ढीग दोन शेजाऱ्यांपैकी लहान असलेल्यात मिसळायचा. शेजारी २५ आणि ३०. लहान २५. म्हणून ४५ चा ढीग झाला.

१२०, ८०, ४५, ३०

आता आज्ञावली उजवीकडचे तीन ढीग तपासते. ८० हे ४५ आणि ३० यांच्या बेरजेहून, म्हणजे ७५ हून मोठे आहेत. ४५ हे ३० हून मोठे आहेत. झाले! नियम जमला असे समजून आज्ञावली थांबते.

पण तिने १२० कडे पाहिलेच नाही. १२० हे ८० आणि ४५ यांच्या बेरजेहून, म्हणजे १२५ हून मोठे हवेत, आणि ते तसे नाहीत. मिसळण्यामुळे २५ चे ४५ झाले आणि त्या बदलाची झळ आणखी एक घर डावीकडे पोचली. तपासणी मात्र तीन घरांपाशीच थांबली. दोष एवढाच आहे. आठवीतल्या मुलालाही तो समजावा. असे असून तो तेरा वर्षे दिसला नाही, याचे कारण एकदा नियम मोडला म्हणून लगेच काही बिघडत नाही. यादी बरोबरच लागते. फक्त टेबलावर एखादा ढीग जास्त उरतो. हे पुन्हा पुन्हा, ठरावीक पद्धतीने घडले तरच ढीग चाळिसांहून अधिक होतात, नव्या ढिगाला जागा मिळत नाही आणि काम मध्येच कोसळते. रोजच्या वापरातल्या याद्यांत असा योग जवळजवळ येत नाही.

दोष कळवण्याची कला

२०१५ साली हा दोष उघडकीला आणला तो नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या पाच संशोधकांनी. त्यांचा उद्देश दोष शोधण्याचा नव्हता, तर आज्ञावली निर्दोष आहे हे गणिताप्रमाणे सिद्ध करण्याचा होता. त्यासाठी जर्मनी आणि स्वीडनमधील विद्यापीठांत घडवलेले, जावातल्या आज्ञावल्यांची सिद्धता तपासणारे एक साधन त्यांच्यापाशी होते. क्रमवारीच्या दोन सोप्या रीती त्यांनी आधी सिद्ध केल्या होत्या. पुढचे अवघड गणित म्हणून टिमसॉर्ट घेतले आणि सिद्धता एका पायरीवर अडून बसली. मिसळणे थांबल्यावर सर्व ढिगांना नियम लागू असतो, हे काही केल्या सिद्ध होईना. होणार कसे? ते खरेच नव्हते.

त्यांनी दोष ज्या पद्धतीने कळवला ती प्रत्येक विज्ञान शिक्षकाने पाहण्यासारखी आहे. 'तुमची आज्ञावली कधी कधी बंद पडते' अशी तक्रार त्यांनी केली नाही. वर दिलेल्या पाच संख्यांसारखे लहानात लहान उदाहरण दिले. जावा हमखास कोसळेल अशी यादी तयार करणारी आज्ञावली दिली. तिच्यासाठी ६,७१,०८,८६४ घटकांची यादी लागत होती. दोषाचे कारण नेमक्या ओळीवर बोट ठेवून दाखवले. दुरुस्ती सुचवली, आणि सुचवलेल्या दुरुस्तीनंतर जागा अपुरी पडून काम कोसळणार नाही याची सिद्धताही त्या साधनाने करून दाखवली. लक्षण, कारण, उपाय आणि उपायाचा पुरावा या चारही गोष्टी एकाच अहवालात होत्या. मुक्तस्रोत भाषांकडे दोष कळवणारे पुष्कळ असतात. त्यांतले बहुतेक पहिल्या गोष्टीपाशी थांबतात आणि काही तर तीही धड सांगत नाहीत. दुसऱ्याला तोच प्रयोग आपल्या टेबलावर करता आला पाहिजे, ही विज्ञानाची जुनी अट या कामालाही तशीच लागू आहे.

दोन दुरुस्त्या

पायथनच्या बाजूने पाहिले तर धोका अगदी नगण्य होता. तिथे टेबलावर ८५ जागा होत्या, आणि त्या अपुऱ्या पडायला यादीत २ चा ४९ वा घात, म्हणजे सुमारे ५६३ लाख कोटी घटक लागले असते. एवढी यादी मावेल असा संगणक कोणाच्या टेबलावर नव्हता आणि आजही नाही. तरीही पायथनच्या मंडळींनी तपासणीच चुकीची आहे हे मान्य करून ती सुधारली. उजवीकडच्या तीन ढिगांबरोबर चौथ्याकडेही पाहायचे, एवढाच बदल. हे काम फेब्रुवारी २०१५ मध्येच झाले.

जावात धोका खरा होता. पावणेसात कोटी घटकांची यादी मोठी खरी, पण अशक्य नव्हे. तिथे मात्र तपासणी तशीच ठेवून टेबल मोठे करण्यात आले. चाळिसाच्या जागी एकोणपन्नास जागा आल्या. हा आकडा अंदाजाने घेतलेला नव्हता. नियम मोडत राहिला तरी सर्वांत वाईट परिस्थितीत किती ढीग साठू शकतील, याचाही हिशेब संशोधकांनी मांडला होता आणि तो आधाराला होता.

जावात टेबल वाढवण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. २०१३ साली मध्यम आकाराच्या याद्यांबाबत अशीच तक्रार आली होती आणि तेव्हा त्या गटासाठी १९ जागांच्या २४ करण्यात आल्या होत्या. रोग्याला ताप आला, तापावरची गोळी दिली, ताप उतरला. ताप का आला होता हे त्या वेळी कोणी विचारले असते, तर २०१५ ची वाट पाहावी लागली नसती.

पुढे जे झाले ते २०१८ साली. ऑगे, ज्यूगे, निको आणि पिव्होतो या फ्रान्समधील चार अभ्यासकांनी टिमसॉर्टला जास्तीत जास्त किती वेळ लागू शकतो याची सिद्धता हाती घेतली होती. या रीतीचा वेग पहिल्यापासून सांगितला जात होता, पण त्याची सिद्धता बरीच वर्षे कोणी दिलेली नव्हती. जावात आणि पायथनमध्ये आता दोन निराळ्या रीती चालू असल्यामुळे त्यांना दोन सिद्धता कराव्या लागल्या. पायथनची सिद्धता सुटसुटीत झाली. जावाची फार गुंतागुंतीची झाली, आणि ती करता करता लक्षात आले, की वाढवलेले टेबलही अपुरे आहे. सर्वांत वाईट परिस्थितीचा २०१५ चा हिशेब कमी पडला होता. काम कोसळवणारी यादी पुन्हा बनवता येत होती. दोष पुन्हा कळवला गेला, आणि या वेळी जावानेही तपासणीच सुधारली. २०१८ साली आलेल्या जावाच्या अकराव्या आवृत्तीत चौथ्या ढिगाकडे पाहणारी ती ओळ आहे.

आमचे मत

दुसरी बाजू प्रथम सांगितली पाहिजे. कोट्यवधी यंत्रांवर चालणाऱ्या आज्ञावलीला हात लावताना कमीत कमी बदल करावा, हा विचार अडाणीपणाचा नाही. एक आकडा बदलला तर दुसरे काही बिघडण्याची शक्यता कमी असते. मिसळण्याची रीत बदलली तर वेग बदलेल, आणि कुठे तरी कोणाचे तरी काम अडेल ही भीती रास्त आहे. शिवाय या दोषाने यादी चुकीच्या क्रमाने लागत नव्हती. काम थांबत होते. थांबलेले काम दिसते. चुकीचा क्रम दिसला नसता, म्हणून तो अधिक घातक ठरला असता. आणि एकोणपन्नास या आकड्यामागे हिशेब होता, हेही आम्ही वर म्हटलेच आहे.

एवढे मान्य करूनही जावाची २०१५ ची दुरुस्ती आम्हांस चुकीची वाटते. आणि ती २०१८ साली अपुरी ठरली म्हणून नव्हे. ती अपुरी ठरली नसती तरी आमचे मत हेच राहिले असते.

नियम काय आहे हे आज्ञावलीत स्वच्छ लिहिलेले होते. ती पायरी तो नियम पाळत नाही हे सिद्ध झालेले होते. अशा वेळी दोनच मार्ग प्रामाणिक असतात. एक तर पायरी नियमाप्रमाणे करावी, नाही तर नियम सोडून देऊन खरोखर काय घडते ते लिहावे. टेबल वाढवण्यात यांपैकी काहीच होत नाही. वाचणाऱ्याला सांगितला जाणारा नियम आणि यंत्राकडून पाळला जाणारा नियम यांत फट राहते, आणि ती फट मोठ्या आकड्याने झाकली जाते. मग पुढे जो कोणी या आज्ञावलीविषयी काही सिद्ध करू पाहील त्याला सोप्या नियमाचा आधार घेता येत नाही. मोडक्या नियमाचा हिशेब करत बसावे लागते. २०१८ च्या अभ्यासकांना नेमके हेच करावे लागले, आणि २०१५ चा हिशेब चुकला तोही याच दलदलीत. दोषाचे निदान अचूक करणारी माणसेसुद्धा मोडक्या रीतीचा हिशेब करताना घसरली, यावरून ती वाट किती निसरडी होती हे कळते.

येथे त्या पाच संशोधकांच्या कामाविषयीही थोडी तक्रार नोंदवली पाहिजे. नियम सुधारला तर काय होते, याची सिद्धता यंत्राने तपासलेली होती. टेबल किती मोठे हवे याचा हिशेब मात्र तशा कसोटीला उतरलेला नव्हता. एकाच अभ्यासातून आलेल्या दोन गोष्टींचे वजन असे वेगवेगळे होते. वाचणाऱ्याने ते ओळखायला हवे होते हे खरे; पण सांगणाऱ्यानेही ते ठळकपणे सांगायला हवे होते, असे आम्हांस वाटते.

आणखी एका समजुतीची परीक्षा या प्रकरणात होते. मुक्तस्रोत चळवळीत १९९७ पासून, एरिक रेमंड यांच्या एका गाजलेल्या निबंधानंतर, असे मानले जाते की आज्ञावली वाचणारे पुष्कळ असले म्हणजे दोष फार काळ टिकत नाहीत. टिमसॉर्ट वाचणारे पुष्कळ होते. त्यांत कसलेले लोक होते. तरी तेरा वर्षे गेली. दोष सापडला तो डोळ्यांच्या संख्येमुळे नव्हे, तर 'हे नेहमीच खरे आहे का' हा प्रश्न कोणी तरी अखेरपर्यंत लावून धरला म्हणून. पण म्हणून मजकूर खुला असण्याला किंमत नाही असे मात्र नाही. मजकूर खुला नसता तर त्या पाच जणांना हा प्रश्न विचारताच आला नसता, आणि नंतरच्या चौघांना पहिल्यांचा हिशेब तपासता आला नसता. खुलेपणा ही परीक्षेची सोय आहे. परीक्षा मात्र कोणी तरी बसून घ्यावी लागते.

वर्गात

आता हे सगळे शिक्षकांना कशासाठी सांगायचे? कारण 'बग' हा शब्द शिक्षणशास्त्राने संगणकवाल्यांकडून फार पूर्वीच उसना घेतला आहे. १९७८ साली जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुले गोंधळून वाटेल ते लिहीत नाहीत. पुष्कळदा ती एखादी रीत काटेकोरपणे पाळत असतात, आणि त्या रीतीतच किडा असतो, असे त्यांनी दाखवले.

उदाहरण प्रत्येकाच्या पाहण्यातले आहे. मुलगा ५२ वजा ३७ चे उत्तर २५ लिहितो. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, अशी त्याची रीत आहे. याच रीतीने ५८ वजा ३२ चे उत्तर २६ येते, आणि ते बरोबर असते! पाच गणितांत हातच्याचे एकच असेल तर त्याला पाचांपैकी चार गुण मिळतात आणि रीत कोणाला दिसतच नाही. टिमसॉर्टच्या तेरा वर्षांची गोष्ट याहून वेगळी नाही. उदाहरणे बरोबर सुटत होती, म्हणून रीत बरोबर मानली गेली.

आता शिक्षकांनी २५ वर काट मारून शेजारी १५ लिहिले, तर ती टेबल वाढवण्याची दुरुस्ती झाली. ते गणित सुटले. किडा पुढच्या गणितात सापडेल. 'तू कसे केलेस ते मला करून दाखव' असे विचारून त्या रीतीवर बोट ठेवणे ही दुसरी दुरुस्ती. तिला वेळ लागतो. साठ मुलांच्या वर्गात तो प्रत्येक वेळी मिळत नाही, हे आम्ही जाणतो. आम्हीही पुष्कळ वह्यांत नुसता १५ लिहून पुढे गेलेलो आहोत. पण आपण दोहोंपैकी कोणती दुरुस्ती करत आहोत हे निदान आपल्याला ठाऊक असावे.

वरिष्ठ वर्गातल्या विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. कागदाच्या चिठ्ठ्यांवर १२०, ८०, २५, २०, ३० लिहा आणि फळ्याखाली ओळीने मांडा. आधी तीन ढिगांची तपासणी लावून पाहा. टेबलावर चार ढीग राहतील आणि मुलांनाच १२० चा घोटाळा शोधू द्या. मग चौथ्या ढिगाचीही तपासणी लावा. ४५ आणि ३० मिळून ७५ होतात. मग ८० आणि ७५ मिळून १५५. आणि १२० हे १५५ हून लहान म्हणून शेवटी सगळ्यांचा मिळून २७५ चा एकच ढीग उरतो. त्यानंतर मुलांना सांगा, की हा दोष न पाहिलेल्या माणसाला कळवणारे पत्र दहा ओळींत लिहा: काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, का झाले. ज्याच्या पत्रावरून शेजारच्या बाकावरच्याला तोच दोष स्वतः करून पाहता येईल, त्याचे पत्र उत्तम.

जाता जाता एक गोष्ट. पायथनने २०२२ साली आलेल्या आपल्या ३.११ या आवृत्तीत मिसळण्याचा हा नियमच बदलला, आणि मन्रो व विल्ड या दोघांनी २०१८ साली सुचवलेली निराळी रीत घेतली. तेव्हा ज्या ओळीवरून एवढा खल झाला ती ओळ पायथनमध्ये आता उरलेली नाही. ती दुरुस्त करायला दिलेला वेळ फुकट गेला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मधल्या सात वर्षांत ती ओळ वाचणाऱ्याला जे सांगत होती, तेच करत होती.